आठ नंबरची तार

तार विकत घ्यायची नोकरी लागली तेव्हा मला तारेबद्दल एकच गोष्ट माहीत होती. गॅलरीत कपडे वाळत घालायला ती दोरीपेक्षा जास्त टिकते, पण पांढऱ्या कपड्यांवर गंजाचे डाग पाडते. बस, एवढंच.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. आम्ही माणिकपूरला दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये राहायचो. वडील मुंबईत एका सरकारी कचेरीत कारकून होते. मी बी.कॉम. झाले होते, टायपिंग येत होतं, आणि वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात मला चिकटवून घेतलं. दुकानांत माल टांगायचे हुक, जाळीच्या टोपल्या, भांडी ठेवायचे रॅक असलं काहीबाही तिथे बनायचं. सगळं तारेचं. खाली शेडमध्ये तीस-पस्तीस माणसं, त्यात निम्म्या बायका. वर पत्र्याच्या केबिनमध्ये मी, माझा टाइपरायटर आणि साहेब. खरेदी, उत्पादन, हजेरी, सगळं साहेबच बघायचे. मालक आठवड्यातून एकदा यायचा.

साहेब शिव्या देत नसत. वस्तू फेकत. पेपरवेट, स्टेपलर, चहाचा ग्लास. माणसाला लागणार नाही इतपतच नेम धरत, आणि बऱ्याचदा तो चुकायचा. मी पहिल्याच आठवड्यात शिकले की त्यांच्या उजव्या हाताच्या समोर उभं राहायचं नाही.

तारेबद्दल मी जे शिकले ते जुन्या ऑर्डरच्या फायली वाचून. तारेची जाडी गेजमध्ये मोजतात. नंबर जितका मोठा तितकी तार बारीक. आठ नंबरची तार करंगळीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी जाड, वीस नंबरची गोधडीच्या दोऱ्यासारखी. हे उलटं गणित मी पाठ केलं. नंबरापुढे काही इंग्रजी शब्द आणि अक्षरं असायची, ती मी फायलीत दिसतील तशी उतरवून काढायची. अर्थ विचारायची सोय नव्हती, कारण विचारायचं म्हणजे साहेबांना. आणि मला असंही वाटायचं की अर्थ कळायची गरजच काय, नंबर बरोबर असला की झालं.

एक दिवस खालून चिठ्ठी आली. ‘आठ नंबर, अनील, तातडीने.’ ‘अनील’ हा फायलीतल्या त्या न कळणाऱ्या इंग्रजी शब्दांपैकीच एक. आमच्या नेहमीच्या तारवाल्याची भट्टी बंद पडली होती. रॅकची मोठी ऑर्डर अर्धी झालेली. साहेब म्हणाले, “उद्या सकाळी तार दारात नसेल तर तूही येऊ नकोस.”

मी दिवसभर फोन फिरवले. संध्याकाळी एका व्यापाऱ्याकडे आठ नंबर असल्याचं कळलं.

“आहे मॅडम. पण एचडी आहे. चालेल?”

एचडी. कारखान्याच्या भिंतीवर एका यंत्राच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत ‘हेवी ड्यूटी’ छापलेलं होतं. हेवी ड्यूटी म्हणजे भक्कम, टिकाऊ. नेहमीपेक्षा चांगलीच मिळतेय की.

“चालेल,” मी म्हणाले. “उलट बरं.”

तो जरासा घुटमळल्यासारखा वाटला, पण म्हणाला, “ठीक आहे, ऑर्डर पाठवा.” मी ऑर्डर टाइप केली. आठ गेज, एचडी. साहेबांनी न वाचता सही केली.

सकाळी टेम्पो आला. मी चलनावर सही घ्यायला खाली उतरले, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

आमची नेहमीची तार काळपट असायची, भट्टीतून निघालेली, हाताला काजळी लागायची. ही पांढुरकी चमकत होती, साबण लावल्यासारखी गुळगुळीत. मोठमोठी वेटोळी, चार ठिकाणी बारीक तारेने आवळून बांधलेली. वेटोळी सोडायचं काम एका बाईकडे होतं. गास गावाच्या बाजूला तिचं घर, नवरा मिठागरावर. वय असेल पस्तिशीचं. सगळे तिला ‘बाय’ म्हणत, मीही. बायने वेटोळ्यावर हात फिरवला, एका जागी अंगठ्याने दाबून पाहिलं आणि कटर खाली ठेवला.

“साहेब, ही येगली दिसते.”

“कसली वेगळी? आठ नंबरच आहे. काप.”

ती माझ्याकडे वळली. “मॅडम, तुमी आनली ना? नरमच हाय ना? अंगावर येनार नाय ना?”

मला अजूनही माझा आवाज आठवतो. फार गोड आवाज होता. “बाय, नेहमीपेक्षा भारी माल आहे. एचडी आहे.”

तिचं समाधान झालं नव्हतं. ती वेटोळ्यापासून जरा सरकून बसली. साहेब ओरडले, “मुहूर्त बघतेस का?” आणि हातातला किल्ल्यांचा जुडगा त्यांनी तिच्या पायाशी आपटला. बायने कटर उचलला.

पहिली गाठ कापली तेव्हा वेटोळं गुरगुरल्यासारखा आवाज करून फुगलं. दुसरी कापली. तिसरीला कटर लागला मात्र, चौथी गाठ आपोआप तुटली.

तार उठली. दुसरा शब्द मला सुचत नाही. दोनशे वेढे एकदम मोकळे झाले आणि शेडमध्ये चारी बाजूंना सुटले. तिचं वरचं टोक बायच्या कपाळापासून जबड्यापर्यंत उतरलं आणि तसंच पुढे जाऊन ट्यूबलाइट फोडून पत्र्यावर आदळलं. पत्र्याला खाच पडली. खालचा वेढा एका पोरसवद्या मुलीच्या पोटरीत घुसला. साहेब खाली वाकले होते. मी वाकलेही नाही, तार माझ्या डोक्यावरून गेली.

बाय ओरडली नाही. बाकीचे ओरडत होते. ती मांडी घालून बसल्यासारखी बसून होती आणि तिच्या डाव्या हाताच्या ओंजळीत रक्त साठत होतं. ओंजळ भरून मनगटावरून ओघळायला लागलं तेव्हा ती म्हणाली, “माझा डोला.” मग आडवी झाली.

तिला उचलायला जायला कोणी धजेना, कारण तार अजून हलत होती. मोठमोठ्या वळशांत पसरून जमिनीवर थरथरत होती. शेवटी दोघांनी तारेवर गोणपाटं टाकली, वर उभे राहिले, आणि बाकीच्यांनी बायला त्याच टेम्पोत घातलं.

दुपारी साहेबांनी मला समोर उभं केलं. व्यापाऱ्याचं चलन त्यांच्या हातात होतं.

“एचडी म्हणजे काय?”

“हेवी ड्यूटी.”

ते हसले. मग टेलिफोन डिरेक्टरी माझ्या अंगावर आली. या वेळी नेम चुकला नाही.

“हार्ड ड्रॉन! जाड सळई पोलादाच्या भोकातून ओढतात, मग त्याहून लहान भोकातून, मग त्याहून लहान. दर ओढीला तार बारीक होते आणि कडक होते. नंतर भट्टीत तापवून सावकाश गार केली की नरम पडते, तिला अनील म्हणतात. ती आपण वापरतो. तापवलीच नाही तर ती तशीच कडक राहते. तिच्या स्प्रिंगा करतात, स्प्रिंगा! तू माझ्या शेडमध्ये दोनशे वेढ्यांची स्प्रिंग बांधून आणलीस!”

मी बाहेर जाऊन त्या व्यापाऱ्याला फोन लावला आणि त्याच्यावर ओरडले. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, मी विचारलं होतं, चालेल का. तुम्ही म्हणालात, उलट बरं.” मी फोन ठेवला. त्याचं काही चुकलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी साहेबांनी कामगार अधिकाऱ्याला पाठवायचा मजकूर सांगितला आणि मी टाइप केला. सदर कामगार स्त्रीने सूचना देऊनही सुरक्षा चष्मा न लावता बेफिकीरपणे वेटोळे कापल्यामुळे अपघात घडला. आमच्या कारखान्यात चष्मा एकच होता, वेल्डिंग करणाऱ्याचा, आणि त्याचीही एक काच तडकलेली. हे टाइप करताना मला ठाऊक होतं. बायने दोनदा विचारलं होतं, हेही ठाऊक होतं. एकदा तर तिने मलाच विचारलं होतं. खाली तीन सह्या हव्या होत्या. साहेबांनी केली, स्टोअरकीपरने केली. मग साहेबांनी पेन माझ्यापुढे धरला आणि अगदी हळू म्हणाले, “चूक कोणाची हे मी मालकांना अजून सांगितलेलं नाही.”

मी सही केली. ठळक, पूर्ण नावानिशी.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत केबिनचं दार लाथेने उघडलं. आत आली ती बायची धाकटी बहीण. मी तिला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. भाताच्या खाचरात काम करणाऱ्या बाईचे रुंद खांदे, पदर खोचलेला, हातात तो कागद. अंगठा घ्यायला म्हणून साहेबांनी त्याची एक प्रत माणसाकरवी दवाखान्यात पाठवली होती. पाठवणाऱ्याला काय ठाऊक, बहिणीला वाचता येतं.

तिने तिसरी सही मोठ्याने वाचली. “ही कोन?”

साहेब उठून दारातून निघून गेले. खरोखर निघून गेले.

“मी,” मी म्हणाले.

तिने माझी वेणी मुठीत धरली आणि माझं तोंड टाइपरायटरवर आपटलं. एकदा, दोनदा. पुढचा दात हलला ते मला आतून ऐकू आलं. “माझ्या बहिनीला बेफिकीर म्हंतेस? तुला इचारलं व्हतं ना तिनं? इचारलं व्हतं का नाय?” मला उत्तर द्यायचं होतं, पण तोंडात रक्त होतं. टेबलावर त्या तारेचा हातभर नमुना पडलेला होता, अपघातानंतर कापून ठेवलेला. तो तिच्या हाताला लागला.

मी डोकं झाकायला दोन्ही हात वर केले. ती हातांवर मारत राहिली. इथे मला एक गोष्ट सांगायची आहे, ती विचित्र वाटेल, पण तशीच घडली. मार खाताना माझं लक्ष तारेकडे होतं. आमची नेहमीची तार असती तर दुसऱ्या फटक्याला माझ्या हाडावर वाकून तिचा आकडा झाला असता. ही वाकत नव्हती. हातावर आदळून किंचित झुकायची आणि दुसऱ्याच क्षणी झटकन सरळ व्हायची, पहिल्यासारखी, पुढच्या फटक्याला तयार. दहा-बारा फटक्यांनंतरही ती सरळ होती. ऑर्डरमधली दोन अक्षरं मला तेव्हा कळली.

दारात बायका जमल्या होत्या. कोणी तिला अडवलं नाही. ती थकून थांबली, नमुना जमिनीवर टाकला, कागद उचलून कमरेला खोचला आणि गेली. मग एकीने मला माठातलं पाणी आणून दिलं. दिलं म्हणजे, टेबलावर ठेवलं.

साहेब पाच मिनिटांनी परत आले. त्यांचा चेहरा उजळला होता. “आता पोलिसात तक्रार कर,” ते म्हणाले. “हल्ला, जबर दुखापत. मग ते आपल्याशी तडजोडीलाच येतील.”

घरी वडिलांनी माझे हात पाहिले. मनगटापासून कोपरापर्यंत काळेनिळे वळ, मधे कातडी फाटलेली. आई रडायला लागली. वडील चपला घालून उभे राहिले. “चल ठाण्यावर.”

“नाही.”

“कोण ती बाई? तिची हिंमत कशी झाली?”

मी सगळं सांगितलं. सही सांगितली. वडील ऐकत होते. त्यांनी जन्मात मला मारलं नव्हतं, त्या दिवशी हात उगारला. हवेत तसाच धरून ठेवला. मग माझ्या हातांकडे बघून खाली घेतला आणि भिंतीवर इतक्या जोरात हाणला की कॅलेंडर पडलं. त्यानंतर ते गॅलरीत जाऊन बसले आणि जेवायला आत आले नाहीत. तक्रारीचं मात्र पुन्हा बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. बायचं अर्धं डोकं पट्टीत होतं. पट्टीच्या कडेला टाके दिसत होते, काळ्या दोऱ्याचे, जाडजूड. बहीण पलंगाच्या पायथ्याशी बसली होती. मला बघताच उठली.

“बस,” बाय म्हणाली. ती बसली.

बायने एका डोळ्याने मला बराच वेळ पाहिलं. “तू लिवलंस?”

“हो.”

“मी बेफिकीर?”

“नाही.”

“मंग?”

“भीती वाटली.”

“कोनाची?”

साहेबांची, मालकाची, नोकरीची. तिथे त्या पलंगापाशी ही नावं घेण्यासारखी नव्हती.

“जवल ये,” ती म्हणाली. मी वाकले. तिने मला मुस्काटात मारली. झोपल्या जागेवरून, सलाईन लावलेल्या हाताने. फार जोर नव्हता, सुई मात्र निसटली आणि चादरीवर रक्त सांडलं. बहीण नर्सला बोलवायला धावली. बाय म्हणाली, “तिनं मारलं ते तिचं. हे माझं.”

नर्स सुई लावून गेल्यावर ती म्हणाली, “आता सांग, मना काय लागलं ते. कोन सांगत नाय.”

मी पलंगाच्या कडेला बसून तिला सांगितलं. भोकातून ओढणं, ओढता ओढता कडक होणं, भट्टीत न घालणं. साहेबांनी सांगितलं होतं ते सगळं, न ओरडता. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “अंगठ्याला कललं व्हतं मना. दाबली ती आत जात नव्हती. नरम तार ऐकते. ही उलटी दाबत व्हती मना.” थोड्या वेळाने म्हणाली, “जे मना सांगितलंस ते तिकडं जाऊन सांग, जिथं तो कागद गेला.”

मी साहेबांना आधी सांगितलं, मग कामगार अधिकाऱ्याकडे गेले. उलट क्रमाने करायला हवं होतं. साहेबांनी टेबलाच्या काचेवर मूठ मारली, काच फुटली आणि त्यांच्याच बोटांतून रक्त यायला लागलं. ते रुमाल गुंडाळत म्हणाले, “तू तार आणलीस. तूच फासावर जाशील.” मी नवीन जबानी लिहून दिली. एचडी मी मागवली, अर्थ न कळता मागवली. बायने साहेबांना विचारलं, मलाही विचारलं. आम्ही दोघांनी तिला कापायला लावलं. चष्मे नव्हते.

त्याच आठवड्यात संध्याकाळी माणिकपूरच्या रिक्षा स्टँडजवळ एक स्कूटर माझ्या अगदी लगत आली. मागे बसलेल्याने माझी ओढणी पकडली आणि स्कूटर पुढे गेली. पाच-सात पावलं मी गळ्याला फास बसलेल्या अवस्थेत धावले, मग पडले, तेव्हा ओढणी फाटली. गुडघे फुटले. “तार गळ्यालापण बसते, मॅडम,” तो मागे वळून म्हणाला, आणि त्याच नादात स्कूटर समोरच्या रिक्षावर आदळली. चालवणारा पळाला. मागचा रिक्षावाल्यांच्या हाती लागला. त्यांनी त्याला गटाराच्या कडेला पाडून लाथांनी तुडवला. तो ‘बस, बस’ म्हणून हात जोडत होता. मी रस्त्यात बसून बघत होते आणि मला बरं वाटत होतं. अजून मारावं, तोंडावर मारावं, असं वाटत होतं. मी कशी माणूस आहे याचा मला त्या दिवशी चांगलाच पत्ता लागला.

चौकशी झाली. मालकाने साहेबांना काढलं, मलाही काढलं. बायला भरपाई मिळाली, डोळा मिळाला नाही. तो त्याच दिवशी शेडमध्ये गेला होता, डॉक्टरांनी नंतर फक्त तसं सांगितलं. पोटरी फाटलेली मुलगी लंगडत का होईना कामावर परतली.

मी दोन महिने घरी होते. मग एका रविवारी नालासोपाऱ्याला जाऊन गासकडे जाणारी बस पकडली. का गेले, हे आता चांगल्या शब्दांत सांगता येईल, पण तेव्हा मला फक्त घरात बसवत नव्हतं. भंगारवाल्याकडून तारांचे तुकडे मागून घेतले होते, ते पिशवीत होते. बाय अंगणात भात वाळवत होती. पिशवी बघून म्हणाली, “हे कशाला?”

“मला तार ओळखायला शिकायचंय. पुस्तकातली नाही.”

बहीण घरातून ओरडली, “तिला हाकल.” बायने हाकललं नाही. तिने एक तुकडा उचलला आणि माझ्या अंगावर फेकला. “वाकव.”

मी वाकवला. तो वाकला तसाच राहिला.

“हां, ही भट्टीची. दुसरी घे.”

दुसरा तुकडा हातातून निसटून माझ्या हनुवटीला लागला. बाय हसली. त्या अपघातानंतर मी तिला हसताना पहिल्यांदा बघितलं, आणि ती माझ्या हनुवटीवरच्या रक्ताला हसत होती.

असे बरेच रविवार गेले. जस्ताचा थर दिलेली, जीआय म्हणतात ती तार, ती नखाने खरवडून बघायची. थर पातळ असेल तर कडेला लालसर दिसतो. चकचकीत म्हणजे चांगली असं नाही, काळी म्हणजे वाईट असं नाही. एकाच नंबराची तार नरम, अर्धी कडक, पूर्ण कडक, कशीही असू शकते. नंबर फक्त जाडी सांगतो, स्वभाव सांगत नाही. ऑर्डरमध्ये स्वभाव वेगळा लिहावा लागतो, नाहीतर समोरचा त्याच्याकडे असेल तो पाठवतो. ती किती ओढ सोसून तुटते याचा, म्हणजे टेन्साइलचा, आकडा कारखान्याकडून लेखी मागायचा. वेटोळं हवं की सरळ कापलेल्या कांड्या, तेही लिहायचं. शब्द मी ग्रंथालयातून आणायचे. हात तिचा. मी ‘टेन्साइल’ म्हणायची, ती तुकडा दोन दगडांत धरून मागेपुढे वाकवायची आणि कितव्या वाकण्याला तुटला ते मोजायला लावायची. चुकले की तोच तुकडा माझ्या बोटांवर हाणायची. मऊपणा आमच्यात कधी आला नाही. एकदा मी डोळ्याबद्दल माफी मागितली, तर तिने भात पाखडायचं सूप माझ्या दिशेने भिरकावलं. “परत बोललीस तं येऊ नको.” मी परत बोलले नाही.

पुढे मला दुसऱ्या कारखान्यात, खरेदीतच, नोकरी लागली. तिथे चष्मे होते, हातमोजे होते, वेटोळं कापायला लोखंडी पिंजरा होता. दोन-तीन वर्षांनी, नवं शतक लागल्यावर, मी मालकांना सांगितलं की येणारा माल तपासायला एक बाई ठेवा, मी सुचवते ती. एका डोळ्याची म्हणून ते नाखूष होते. मी म्हणाले, महिनाभर ठेवून बघा.

बाय आली. पहिल्याच आठवड्यात जीआय तारेचा टेम्पो आला. बायने दोन वेटोळ्यांवर अंगठा दाबला आणि म्हणाली, “उतरायचं नाय. कडक हाय.” ड्रायव्हरला उशीर झाला होता. त्याने तिला ढकललं आणि म्हणाला, “काणे, तुला काय दिसतंय?”

मी खिडकीतून बघत होते. बायने पिंजऱ्याला टेकवलेला लाकडी हातोडा उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. तो खाली बसला. तिने दुसरा घालायला हातोडा वर नेला, तेव्हा मी जिन्यावरून ओरडत धावले आणि तिचा हात धरला. त्या हातात इतका जोर होता की मी दोन पावलं फरफटले.

मालक खाली आले. आधी ड्रायव्हरला दवाखान्यात पाठवलं, मग मला म्हणाले, “माल बघा.” आम्ही पिंजऱ्यात एक वेटोळं कापलं. ते सुटून चारी गजांवर आदळलं आणि आख्खा पिंजरा हलला. ऑर्डर नरम तारेची होती. स्वभाव मी स्वतः लिहिला होता, दोनदा अधोरेखित करून. सगळा टेम्पो परत गेला. बायला आठ दिवस घरी बसवलं, माझ्याकडून लेखी खुलासा घेतला आणि नवव्या दिवशी तिला परत कामावर घेतलं.

त्या दिवशी मालक वर गेल्यावर आम्ही दोघी पिंजऱ्याच्या बाजूला पायरीवर बसलो. कपातला चहा तिच्या साडीवर सांडत होता. मला वाटलं ड्रायव्हरमुळे.

“तो गेला गं चुलीत,” ती म्हणाली. “तुमी ते कापलं ना, तवा मी मुतले.”

मी माझी ओढणी काढून तिच्या कमरेला गुंडाळली आणि तिला बायकांच्या खोलीकडे घेऊन गेले. वाटेत शेडमधली माणसं बघत होती. ती ताठ चालत होती.